ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कुठले ब्रेक?

आधी हे सांग, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? नसतील तर त्याचंही वजन तुझ्याच गाडीचे ब्रेक अडवणार. मग स्वस्तातल्या पॅडवर भागत नाही. मी भागवलं होतं. ताम्हिणी घाट उतरताना करपल्याचा वास आला आणि पेडल स्पंजासारखं खाली गेलं. तासभर झाडाखाली बसलो, तेव्हा कुठे अक्कल आली.

पॅड (डिस्कला दाबून धरणारे तुकडे) सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातूचा चुरा मिसळलेले घे. थोडे कुरकुरतात, चाकावर काळी भुकटी बसते, डिस्कही जरा लवकर झिजते. पण तापल्यावर पकड टिकते. सिरॅमिक शांत असतात, पुण्यातल्या पुण्यात नुसतं कोथरूड-हडपसर करायचं तर छानच.

भोकं पाडलेली डिस्क दिसायला झकास, पण सतत तापली की भोकापासूनच तडा जातो. साधी व्हेंटिलेटेड, म्हणजे मधल्या फटीतून हवा खेळणारी बरी. जुनीच लेथवर घासून देतो म्हणाले तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाच आणि समोर मोजायला लाव. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना पॅड पिशवीत टाक, मॉडेल सांगून चुकीचा माल हमखास गळ्यात पडतो. दोन्ही बाजूंचे एकदमच बदल.

ब्रेक ऑइल विसरू नकोस. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, हवेतलं पाणी शोषलं की १५५ च्या आसपासच. उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली जातं. माझं पेडल त्यानेच बसलं होतं.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून, बसवल्यावर ट्रेलर न लावता मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरव, पूर्ण थांबू नकोस. घाट उतरताना मात्र दुसरा गिअर, म्हणजे इंजिनच गाडी अडवतं. पाय सारखा ब्रेकवर नको.