वाचक विचारतात : शेपटीवाली इंग्रजी क्रियापदं

प्रश्न : 'लुक'पासून सुरू होणारी बारा फ्रेझल व्हर्ब (क्रियापदाला 'अप', 'ऑफ'सारखा छोटा शब्द, म्हणजे शेपटी, जोडून होणारी क्रियापदं) मी एका बैठकीत पाठ केली. आठवड्याभरात 'लुक फॉर', 'लुक आफ्टर', 'लुक इनटू' यांचा पार गोंधळ उडाला. माझी पद्धतच चुकते आहे का?

उत्तर : हो, पद्धतच चुकते आहे. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र पाठ केल्या की त्या एकमेकींना पुसतात. दिवसाला दोन-तीनच घ्या, आणि त्याही वेगवेगळ्या क्रियापदांच्या. आज 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'रन आउट' म्हणजे संपणं आणि 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलं रद्द करणं. सांभाळण्याचं 'लुक आफ्टर' पुढच्या आठवड्यात, चौकशी करण्याचं 'लुक इनटू' त्यानंतर. वहीत नुसती जोडी नको, कर्मासकट वाक्य हवं : 'आय ॲम लुकिंग फॉर माय कीज'. किल्ल्या आठवल्या की शोधणंही आठवतं. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं करा. ती करताना इंग्रजी बाजू झाका आणि मराठी अर्थावरून इंग्रजी आठवा. इंग्रजी वाचून 'हे येतंय की' म्हणणं फसवं असतं. तिथे तुम्ही शब्द फक्त ओळखलेला असतो.

यादीपेक्षा शेपटीकडे जास्त लक्ष द्या, कारण ही युक्ती मराठीत आपण रोज वापरतो. 'खाऊन टाक' म्हणताना कोणी काही फेकत नाही. 'टाक' एवढंच सांगतो की काम पुरं कर. 'ईट अप'मधला 'अप' हेच सांगतो, त्याचा वर जाण्याशी संबंध नाही. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणं, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. 'वाचत राहा'मधल्या 'राहा'चं काम 'रीड ऑन'मधला 'ऑन' करतो, म्हणून 'गो ऑन', 'कॅरी ऑन' यांतही चालू ठेवणंच आहे. 'देऊन टाक'जवळ 'गिव्ह अवे' येतं. 'आउट'मध्ये पुष्कळदा संपणं किंवा विझणं असतं : पेट्रोल 'रन आउट' होतं, दिवा 'गोज आउट', एखादी प्रजाती 'डाइज आउट'.

मात्र ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे 'अप'वरून कोणालाही उमगणार नाही. ते सरळ पाठच करावं लागतं. आणि इमारत 'बर्न डाउन' होते, तर कागद 'बर्न अप' होतो. दोन्हींत जळून खाकच, पण एकात शेपटी खाली आणि दुसऱ्यात वर! अशा ठिकाणी तर्क लढवत बसू नये.

प्रश्न : 'पुट ऑफ इट' चूक आणि 'लुक आफ्टर इट' बरोबर, असं का?

उत्तर : या दोन वेगळ्या जाती आहेत. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. त्याची शेपटी सुटी होते. कर्म नाम असेल तर 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतात. सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं : 'पुट इट ऑफ'. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा 'पुट' विसरलेला असतो. 'लुक आफ्टर' मात्र तुटत नाही, म्हणून 'लुक इट आफ्टर' कधीच नाही. तीन शब्दांची बहुतेक क्रियापदंही अशीच अखंड असतात : 'पुट अप विथ इट'.

जात ओळखायला शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. तिथे मूळ क्रियापदाखाली नोंद सापडते. 'समथिंग' हा शब्द मधे छापलेला असेल तर शेपटी सुटते, शेवटी असेल तर सुटत नाही. काही शब्दकोश सुटणाऱ्यांसाठी दुटोकी बाण वापरतात. कानानंही काही कळतं : 'पुट इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक ॲट इट' म्हणताना 'लुक'वर. शब्दकोश हाताशी नसेल तर नाम शेवटी ठेवा, ते जवळजवळ नेहमी चालतं. 'टेल अपार्ट' म्हणजे फरक ओळखणं, याच्यासारखे थोडे अपवाद आहेत. तिथे कर्म मधेच लागतं : 'टेल द ट्विन्स अपार्ट'.

प्रश्न : 'टेक ऑफ'चे तीन-चार अर्थ दिसतात. कुठला घ्यायचा?

उत्तर : आधी कर्म आहे का ते पाहा. 'शी टुक ऑफ हर शूज'मध्ये कर्म आहे, म्हणून काढणं. 'द प्लेन टुक ऑफ'मध्ये कर्म नाही, विमान उडालं. कर्म नाही आणि कर्ता धंदा किंवा एखादी कल्पना असेल, तर ती झपाट्यानं चालू लागली. सगळे अर्थ एकदम शिकू नका. जो आधी भेटला तोच पक्का करा, दुसरा वाचनात आला की त्याच पानावर नवं वाक्य जोडा.

प्रश्न : 'कोप अप विथ' बरोबर आहे का?

उत्तर : नाही. नुसतं 'कोप विथ', म्हणजे अडचणीला तोंड देणं. 'अप' बहुधा 'कीप अप विथ' (बरोबरीनं चालणं) यातून घुसला असावा. जाता जाता : 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हेही चूक. तो 'टू' शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून पुढे 'मीटिंग यू' हवं.

प्रश्न : अर्ज किंवा अहवालात फ्रेझल व्हर्ब वापरावीत का?

उत्तर : जपून वापरा. इंग्रजीत एकाच अर्थाला अनेकदा दोन शब्द असतात : एक बोलण्यातलं फ्रेझल व्हर्ब, दुसरा लॅटिनमधून आलेला. 'पुट ऑफ'ला 'पोस्टपोन', 'लुक इनटू'ला 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट अप विथ'ला 'टॉलरेट'. अर्जात दुसरा शोभतो. उलट मित्राशी बोलताना 'पोस्टपोन' म्हटलं की नोटीस बजावल्यासारखं वाटतं. सगळी फ्रेझल व्हर्ब मात्र हलकी नसतात. 'कॅरी आउट' (पार पाडणं), 'सेट अप' (उभारणं), 'फेज आउट' (टप्प्याटप्प्यानं बंद करणं) अहवालात बिनदिक्कत चालतात.

लिहिताना एक चूक फार दिसते. 'लॉग इन', 'सेट अप', 'बॅक अप' क्रियापद असताना दोन सुटे शब्द, नाम झाले की जोडून एक शब्द. शंका आली तर भूतकाळ करून बघा. 'लॉग्ड इन' होतं, म्हणजे 'प्लीज लॉग इन'मध्येही मोकळी जागा सोडायची.