सळ्या काढण्याचा खर्च आणि मुलाच्या नावावरची पॉलिसी

गोव्यातील साखळी गावच्या एका दुकानदार वाचकांच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली. खासगी रुग्णालयात टायटॅनियमच्या लवचीक सळ्या घातल्या आणि १ लाख ३० हजारांचे बिल दागिने गहाण ठेवून भरले. आठ महिन्यांनी सळ्या काढायच्या आहेत. त्यासाठी आता आरोग्यविमा घ्यावा की २ लाखांची मुदत ठेव मोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेच्या निर्णयाबद्दल खंत बाळगू नका. लहान मुलांचे थोडे वाकडे जुळलेले हाड वाढीबरोबर सरळ होते, पण दहा वर्षांनंतर ही सवलत कमी होत जाते. विमा मात्र या कामासाठी घेऊ नका. आधीपासूनच्या दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, आणि 'फॉर्मवर हाताचे काही लिहू नका' हा तुमच्या एजंटाचा सल्ला म्हणजे पुढचे सगळे दावे नाकारण्याचे कारण कंपनीच्या हाती देणे आहे. (सळ्या क्ष-किरणात लपत नाहीत.)

ठेव आजच मोडा, पण दागिने सोडवण्यासाठी. ठेवीवर सात टक्के मिळवत दागिन्यांवरच्या कर्जाला दहा-अकरा टक्के भरणे हा निव्वळ तोटा आहे. उरलेले ७० हजार सळ्यांसाठी ठेवा आणि गोमेकॉच्या (सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) अस्थिरोग विभागातही चौकशी करा. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड 'नूतनीकरणाअभावी पडून आहे' असे तुम्ही जाता जाता लिहिता. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांचे संरक्षण देणारे ते कार्ड चालू असते, तर दागिने कदाचित घरातच राहिले असते.

खरी चूक पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. पाच वर्षे तुम्ही मुलाच्या जिवावर काढलेल्या पॉलिसीत दरवर्षी ६० हजार भरता. पंधरा वर्षांत ९ लाख जातील आणि एजंटाच्याच आकड्याप्रमाणे १४ लाख येतील, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्के. तेच पैसे पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) आजच्या ७.१ टक्क्यांनी १६ लाखांवर जातात. मुलाच्या मिळकतीवर घर चालत नाही, तुमच्या चालते, आणि तुमचा एक रुपयाचाही विमा नाही! तुमच्या वयाला १ कोटीचा मुदत विमा (फक्त मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा) वर्षाला साधारण पंधरा-अठरा हजारांत मिळावा. तो हाती आल्यावर जुन्या पॉलिसीचे सरेंडर मूल्य (ती मोडल्यास मिळणारे पैसे) आणि हप्ते थांबवल्यास उरणारी रक्कम, दोन्ही कंपनीकडून लेखी मागवा, आणि ते उत्तर येईपर्यंत पुढचा हप्ता भरू नका.