टोकन देण्याआधी

प्रिय,

तू पाठवलेले फोटो काल रात्री मोठे करकरून पाहिले. काळी मर्सिडीज एस ५००, २०१० चं मॉडेल, एमएच ०४ नंबर, मागणी साडेनऊ लाख. आणि खाली तुझी एक ओळ, ‘काका, वेडेपणा आहे का?’

आहे. पण आयुष्यात एखादा वेडेपणा करून टाकावा असं म्हणणाऱ्यांतला मी आहे हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर बाबांना सोडून मला विचारलंस. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून लिहितो.

तुला हे इंजिन का हवंय ते मला कळतं. ५४६१ सीसी, व्ही ८, ३८८ हॉर्सपॉवर. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो, म्हणजे तुझ्या स्विफ्टमध्ये तेवढ्यात चार धक्के बसतात आणि इथे आठ. एकाचा जोर ओसरायच्या आत दुसऱ्याने खांदा दिलेला असतो. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात तीस वर्षं पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळले. चांगलं बॅलन्स झालेलं यंत्र हाताच्या तळव्याला कसं लागतं हे मला कुणी वेगळं सांगायला नको. पण ते सुख तुला कुठे मिळणार तेही बघ. सकाळी नऊला कासारवडवलीहून ऐरोलीला निघालीस की कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा. एवढ्या प्रवासात गाडी तिसरा गिअर किती वेळा बघेल? रविवारी पहाटे अटल सेतूवर २५० रुपये टोल भरून गेलीस, तर तिथे १०० ची मर्यादा. त्या वेगाला हे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली डुलकी काढत असतं. तरी मजा येते, नाही म्हणत नाही.

आता माझी गोष्ट. तू तेव्हा शाळेत होतीस, त्यामुळे तुला फक्त ‘काकांची मोठी गाडी’ एवढंच आठवत असेल. आठ सिलिंडरची, दहा वर्षं जुनी. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडी बिचारी चांगली होती. आम्ही वाशीला राहत होतो. पहिले चार-पाच महिने मी राजा होतो. मग सप्टेंबरातल्या एका सकाळी वॉचमनने बेल वाजवली, म्हणाला, ‘साहेब, तुमची गाडी बसली.’ मला वाटलं पंक्चर. खाली जाऊन पाहतो तर पुढची उजवी बाजू गायीने गुडघे टेकावेत तशी खाली गेलेली, मडगार्ड टायरवर टेकलेलं, आणि टायरमध्ये हवा अगदी बरोबर. चावी फिरवली. कॉम्प्रेसर घूं घूं करत राहिला, गाडी कण्हत वर आली, आणि बंद केल्यावर तासाभरात पुन्हा खाली. मग घरून भांड्यांच्या साबणाचं पाणी आणलं, चाकामागे हात घालून, गाडी जिच्यावर तोललेली असते त्या हवेच्या रबरी पिशवीवर जुन्या ब्रशने फासलं. रबराच्या एका घडीत बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. नखाएवढी चीर.

गॅरेजवाल्याने तेवढी एक बाजू बदलून दिली. पण गळती भरून काढायला रात्रंदिवस चालून कॉम्प्रेसर आधीच थकला होता. तो दिवाळीत जळला. त्यानंतर दुसरी बाजू बसली. त्या एका वर्षात गाडीवर जो खर्च झाला तो तिच्या किमतीच्या निम्मा होता. तुझ्या काकूने तो वहीत लिहून ठेवलाय आणि आजही मी नवा टीव्ही घेऊ म्हटलं की ती वही बाहेर येते.

हे सांगतोय कारण तुझ्या एस ५०० लाही चारी चाकांवर हवेचंच सस्पेन्शन आहे, मर्सिडीजच्या भाषेत एअरमॅटिक. पंधरा वर्षांचं रबर म्हणजे पंधरा वर्षांचं रबर, मग गाडी किती का कमी चाललेली असेना. तू मोठ्या कौतुकाने ‘फक्त ४८,००० किलोमीटर’ असं लिहिलंस ना, मला तिथेच धाकधूक झाली. वर्षाला सव्वातीन हजार किलोमीटर चाललेली गाडी बाकीचा वेळ उभी होती. उभ्या गाडीची सीलं सुकतात, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्क गंजतात. आणि तो आकडा खरा असेल तर. ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि स्टिअरिंगचं चामडं बघ. ४८,००० ला ते घासून गुळगुळीत होत नाही. मीटरवरचा आकडा मागे घेणारे सर्रास असतात. सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे जुन्या सर्व्हिसची बिलं. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ती ओळीने लावली की खोटं आपोआप उघडं पडतं. विकणारा बिलं नाहीत म्हणाला तर मी साडेसहा लाखांतही ती गाडी घेणार नाही.

या इंजिनाबद्दल एक बरी गोष्ट सांगतो. त्याच्या सुरुवातीच्या, साधारण २००६ पर्यंतच्या इंजिनांत टायमिंग चेनचं एक गिअर झिजायचं आणि ते काम फार मोठं असायचं. तुझी २०१० ची आहे, ती त्यातून सुटली. इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, फ्लॅपचे प्लास्टिकचे दांडे मात्र तुटतात. आणि सात गिअरच्या त्या गिअरबॉक्सची इलेक्ट्रॉनिक प्लेट आतच, तेलात बुडालेली असते. तिचा सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडून बसते. ती नेमकी माजिवड्याच्या पुलावर अडून बसली तर मागचे तुझ्या आईवडिलांचा उद्धार करतील.

किंमत घसरली म्हणून तू भुललीस, साहजिक आहे. ही गाडी नवी होती तेव्हा कोटीच्या आसपास होती. आज ती साडेनऊ लाखांची झाली, पण तिचे पार्ट साडेनऊ लाखांच्या गाडीचे झालेले नाहीत. हेडलाइट कोटीच्या गाडीचाच येतो. इंजिन ऑइल आठ लिटरच्या आसपास लागतं, तेही कंपनीने ठरवलेल्या ग्रेडचं. मेकॅनिक म्हणेल, ‘मॅडम, कुर्ल्याला मिळून जाईल.’ दरवाजाचं हँडल, आरसा, काच कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणायला माझी काहीच हरकत नाही. पण सस्पेन्शनचं रबर तिथून आणू नकोस. ते दुसऱ्या कुणाच्या गाडीचं तितकंच म्हातारं रबर असतं.

पेट्रोलचा हिशोब तू केला असशील, तरी माझा ऐक. शहरात लिटरला पाच किलोमीटर धर. वर्षाला दहा हजार किलोमीटर म्हणजे दोन हजार लिटर, लिटर १०४ रुपये धरलं तर दोन लाख आठ हजार. टाकी ९० लिटरची, म्हणजे एकदा भरायला नऊ हजारांच्या वर. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ही गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनाभर उभी ठेवणं तर अजिबात नको.

विम्याची गंमत अशी की थर्ड पार्टीचा दर १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना एकच आहे, वर्षाला ७,८९७ रुपये. क्रेटाचं मोठं इंजिन असो की तुझं साडेपाच लिटरचं. पण अपघात झाला की खरी परीक्षा. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, मिळणं कठीण, आणि साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. हेडलाइट प्लास्टिकचा. पुढचं तू समजून घे. आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं तर या गाडीने त्यात शिरायचं नाही, मग ऑफिसात कितीही महत्त्वाची मीटिंग असो. इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि नुसत्या साध्या पॉलिसीवर असलीस, तर तो सगळा खर्च तुझाच.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. नोंदणी २०११ ची, म्हणजे पंधरा वर्षांचा टप्पा आला. फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. फेरनोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली. रक्कम किरकोळ आहे, पण ते काम विकणाऱ्याने करून द्यायचं आणि मगच पैसे घ्यायचे, हे आधी ठरवून घे. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी तुझी झाली असं नाही. आरसीवर तुझं नाव येईपर्यंत तिने काहीही केलं तरी पोलीस आधी जुन्या मालकाला विचारतील, आणि तो तुला.

हो, आणि तू ती दुसरी लिंक पाठवलीस, दिल्लीची डिझेल, सहा लाखांत. ती विसर. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर जी बंदी आली, जी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली, तिच्या भीतीने तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर ढकलल्या गेल्या. स्वस्त का ते कळलं ना? वर तिथली एनओसी आणि इथे पुन्हा महाराष्ट्राचा रोड टॅक्स. सहाचे किती होतील ते एजंट तुला टॅक्स भरायच्या दिवशी सांगेल.

आता खरं विचारायचं ते. तुझी स्विफ्ट तू विकणार आहेस का? विकणार असशील तर माझं उत्तर सरळ ‘नको’ आहे. ही गाडी वर्षातून तीन-चार आठवडे गॅरेजात असेल हे मी धरून चालतो. पार्ट जर्मनीहून येईपर्यंत तू रोज ओला-उबेर करणार आणि तिसऱ्या आठवड्यात त्या गाडीचा राग राग करणार. मी केला होता. दुसरी गाडी म्हणून ठेवशील तर बोलणं पुढे जाऊ शकतं. पण मग ती ठेवणार कुठे? तुमच्या सोसायटीत तुला स्टॅक पार्किंगमधली, गाडीवर गाडी चढवतात त्यातली, एक जागा आहे. ही गाडी पाच मीटर वीस सेंटिमीटरच्या वर लांब आहे, स्विफ्टपेक्षा जवळजवळ दीड हाताने नाही, चांगली तीन हातांनी मोठी. उद्याच टेप घेऊन खाली जा आणि मोज. स्टॅकच्या खांबावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढ. या गाडीचं वजन दोन टनांच्या जवळ जातं. निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो.

जागा निघाली, स्विफ्ट राहिली, तर अजून दोन गोष्टी. गाडीच्या आधी मेकॅनिक शोध. वागळे इस्टेटमध्ये आमचा एक उस्ताद आहे, मर्सिडीजचंच काम करतो, त्याच्याकडे त्या गाड्या वाचायचं योग्य मशीन आहे. मी त्याला काल फोन केला होता. गाडीचं नाव ऐकून तो हसला आणि म्हणाला, ‘साहेब, घेऊ द्या की, माझ्या मुलाची फी निघेल.’ मग गंभीर होऊन म्हणाला, आधी आणा, दोन तास लिफ्टवर घेतो, बघण्याचे पैसे घेतो आणि खरं सांगतो. असा माणूस हाताशी असेल तरच हे काम. दुसरी गोष्ट म्हणजे तीन-साडेतीन लाख वेगळे एफडीत टाक आणि ते गाडीचेच आहेत असं समज. ते तुझ्याकडे नसतील, किंवा त्यासाठी कर्ज काढावं लागणार असेल, तर मी तुझ्या बाबांच्या बाजूने. साडेनऊ लाख तुझ्या पगारात बसतात, ते मी विचारतच नाहीये.

शनिवारी सकाळी सातच्या आत आपण मानपाड्याला गाडी विकणाऱ्याकडे जाऊ. त्याला आदल्या रात्री सांग, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर चहा पिऊन परत यायचं. थंड असेल तर मी चारी चाकांवर कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजणार, एक बाजू दोन बोटं खाली असेल तर रात्रीत हवा गेली. मग सुरू करताना तू बाहेर उभी राहून ऐक, पहिले पाच सेकंद. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, आत चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात गेली होती. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते लिहून घे. आणि मग एसी पूर्ण चालू ठेवून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास. तापमानाचा काटा हलला तर मी काही न बोलता रेडिओ लावेन, तेवढ्यावरून समजून घे.

टॉर्च, टेप आणि जुना टॉवेल मी आणतो. तू जुने कपडे घाल, गाडीखाली तूच वाकायचंय, माझे गुडघे आता त्या हवेच्या सस्पेन्शनसारखे झालेत.

टोकन दिलं नसशील अशी आशा आहे. दिलं असशील तर किती, आणि पावती घेतलीस का, ते आज रात्रीच कळव.

तुझा,
काका