पॅरिश शाळेतले पहिले शरदाचे महिने : ओहायोला येऊ घातलेल्या एका आईला उत्तर

तुम्ही लिहिले आहे की येत्या जुलैमध्ये तुम्ही सहकुटुंब पुण्याहून ओहायोला येत आहात, घराजवळच्या कॅथलिक पॅरिश शाळेत मुलाला तिसरीत आणि मुलीला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळाला आहे, आणि तुम्ही ख्रिस्ती नसल्यामुळे ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात तिथे जे काही चालते त्यात तुमचे कुटुंब कितपत सामावेल, याची तुम्हाला काळजी वाटते. माझी दोन्ही मुले याच राज्यातल्या अशाच एका शाळेत किंडरगार्टनपासून शिकली आणि आम्हीही कॅथलिक नाही. त्यामुळे मला जे सुरुवातीला कोणी सांगितले नाही, ते सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पॅरिश शाळा म्हणजे चर्चच्या आवारातली खाजगी शाळा एवढाच तिचा अर्थ नाही. वसईकडची मंडळी ज्याला धर्मग्राम म्हणतात, त्या एका चर्चभोवतीच्या वस्तीने स्वतःच्या मुलांसाठी ती उभारलेली असते. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या अमेरिकी बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा असावी असे ठरवले. त्या काळी आयर्लंड, जर्मनी, पोलंड, इटली येथून आलेली कष्टकरी स्थलांतरित कुटुंबे वर्गणी काढून या शाळा बांधत होती आणि अत्यल्प मोबदल्यावर राबणाऱ्या धर्मभगिनी (नन) तिथे शिकवत होत्या. आज शिक्षक बहुतेक धर्मव्रत न घेतलेले, संसारी लोक आहेत, त्यांना पगार द्यावा लागतो, आणि फीमधून सगळा खर्च भागत नाही. उरलेला भार पालकांच्या हातांवर चालतो. शरदातले सगळे कार्यक्रम या एका कारणातून उगवतात, आणि तुम्हाला तिथे जागा मिळण्याचा मार्गही तोच आहे. ओळखी करून घेण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, काम अंगावर घ्यावे लागते. परके असल्याची भावनाही फार बाळगू नका, कारण देशभरातल्या कॅथलिक शाळांत साधारण पाचातले एक मूल कॅथलिक नसलेल्या घरातले असते.

शाळा ऑगस्टच्या मध्यानंतर केव्हातरी सुरू होते. पहिल्या आठवड्यात मुले घरी एक जाड फोल्डर आणतात. त्यात स्वयंसेवेच्या तासांचा कागद असतो. अनेक शाळांत प्रत्येक कुटुंबाने वर्षाला ठरावीक तास काम करायचे असते आणि ते न केल्यास त्याऐवजी पैसे भरायचे असतात. पैसे भरून मोकळे होण्याचा मोह होतो, पण पहिल्या वर्षी तरी तसे करू नका. तुम्ही स्वतः डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असाल तर त्याच्या काही प्रकारांत परवाना मिळेपर्यंत पगारी नोकरी करता येत नाही, आणि नव्या देशातले पहिले महिने घरात एकटीने काढणे फार जड जाते. जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, जुन्या गणवेशांची देवघेव सांभाळणे अशा कामांत माझी जी चार घरे जोडली गेली, ती आजही रात्री-अपरात्री हाक मारण्याजोगी आहेत.

मात्र मुलांच्या जवळ काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला आधी पूर्वचारित्र्याची तपासणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मुलांवरील अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर २००२ साली डॅलसच्या बैठकीत अमेरिकी बिशपांनी जी सनद मंजूर केली, तिच्यामुळे हा नियम सगळीकडे लागू झाला. तो अपमान समजू नका. उलट आई म्हणून मला त्याचा आधार वाटतो. यात वेळ जातो, आणि अर्जात बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार देते तो ओळख क्रमांक) विचारला जातो, जो नव्याने आलेल्यांच्या हाती लगेच नसतो. मला हे उशिरा कळले. त्यामुळे मुलाच्या पहिल्या सहलीला, सफरचंदांच्या बागेत, वर्गाबरोबर मला जाता आले नाही, आणि त्याने बसच्या खिडकीतून केलेला हात मला अजून आठवतो.

सप्टेंबरमधला एक दिवस मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण परदेशी कुटुंबांना तोच सर्वांत जास्त लागतो. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, त्यानंतरचा पहिला रविवार हा अमेरिकेत आजी-आजोबांचा दिवस असतो, आणि त्याच्या आसपास शाळा आजी-आजोबांना बोलावते. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मग वर्गात फेरी, मुलांनी काढलेली चित्रे, शेवटी हॉलमध्ये डोनट आणि कॉफी. आमच्या पहिल्या वर्षी माझ्या मुलाचे आजी-आजोबा साताऱ्यात होते, आणि मी ती सूचना नीट वाचलीच नव्हती. संध्याकाळी त्याने सांगितले की त्याच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी त्याचे चित्र पाहिले आणि डोनटमधला मोठा तुकडा त्याला दिला. नंतर कळले की ज्या मुलांकडे कोणी येणार नसते, त्यांच्यासाठी पॅरिशमधली निवृत्त मंडळी येऊन बसतात. त्यांना फक्त आधी नाव कळावे लागते, आणि त्या वेळी वर्गशिक्षिकेने ते आपणहून कळवले होते. तुम्ही मात्र स्वतः कळवा. आणि तुमचे आई-वडील किंवा सासू-सासरे भेटीसाठी येणार असतील, तर त्यांचा प्रवास सप्टेंबरमध्ये ठेवता येतो का पाहा. दुसऱ्या वर्षी माझ्या सासूबाई नऊवारी नेसून त्या मिस्सेला बसल्या होत्या, आणि तेव्हापासून शाळेतले लोक मला माझ्या नावाने ओळखू लागले.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. होय, मुले आठवड्यातून एकदा सगळ्या शाळेबरोबर मिस्सेला जातात, आणि धर्मशिक्षण हा विषय सर्वांना असतो. कॅथलिक नसलेल्या मुलांनी उभे राहायचे, बसायचे, गाणी म्हणायची असतील तर म्हणायची, एवढीच अपेक्षा असते. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, फक्त दीक्षित कॅथलिकांनी स्वीकारायचे असते. त्या वेळी तुमचा मुलगा बाकावर बसून राहू शकतो, किंवा दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून रांगेत गेला तर फादर त्याला नुसता आशीर्वाद देतात. हे घरी आधी समजावून सांगा, नाहीतर इतरांचे पाहून मूल हात पुढे करते आणि सगळ्यांसमोर थांबवले गेले की त्याला वाईट वाटते. मी हे स्पष्ट सांगते, कारण काही पालक प्रवेश घेतात आणि नंतर धर्म बाजूला ठेवण्याची अपेक्षा करतात. ती रास्त नाही. शाळा ज्या श्रद्धेवर उभी आहे ती तिथे सर्वत्र दिसणारच, आणि ते तुम्हाला मनापासून चालणार नसेल तर सरकारी शाळा विनाशुल्क आहे आणि ओहायोत अनेक ठिकाणी उत्तम आहे.

ऑक्टोबर हा सगळ्यांत गजबजलेला महिना. ४ तारखेला संत फ्रान्सिस यांचा सण असतो आणि त्या सुमारास आवारात प्राण्यांना आशीर्वाद देतात. ज्यांच्या घरी प्राणी नाही ती लहान मुले कापसाचे अस्वल घेऊन येतात. हा महिना जपमाळेचाही आहे. एका दुपारी मुले मैदानावर गोल करून उभी राहतात, प्रत्येक मूल एक मणी होते, आणि आपली पाळी आली की ते आपली प्रार्थना म्हणते. त्या माळेत ५९ मणी असतात. माझ्या मुलाने घरी येऊन आजीच्या माळेचे १०८ मणी मोजले आणि दोन्ही माळांचे चित्र काढून शिक्षिकेला दिले. त्यांनी ते वर्गात लावले.

मैदानावर दुपारी व्हॉलीबॉल, सॉकर आणि क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातली लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत) चालू असते. बऱ्याच ठिकाणी हे खेळ सीवायओ (कॅथलिक युथ ऑर्गनायझेशन) या नावाखाली होतात; ही संघटना शिकागोत १९३० साली बिशप शील यांनी सुरू केली. शाळा लहान असल्याने संघात घेण्यासाठी मुले कमीच पडतात, म्हणून खेळात सामान्य असलेल्या मुलालाही जागा मिळते. तुमच्या मुलाला भाषेचा संकोच असेल तर खेळात जरूर घाला. प्रशिक्षक बहुधा कोणाचे तरी वडील असतात आणि सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थांच्या खिडकीवर तुमचीही पाळी येईल. थंडी अचानक वाढते, तेव्हा बसायला जाड चादर गाडीतच ठेवा.

निधी जमवण्याचे कार्यक्रमही याच काळात होतात. वॉकाथॉनमध्ये मुले फेऱ्या मारतात आणि नातेवाईक त्यांच्यासाठी पैसे देतात. रॅफलची, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीची, तिकिटे विकायला देतात. नवऱ्याच्या कार्यालयातल्या नव्या सहकाऱ्यांपुढे ती नेण्याची गरज नाही. जमेल तेवढी स्वतः घ्या आणि बाकीची परत करा, कोणी वाईट मानत नाही. एखाद्या शनिवारी हॉलमध्ये स्पॅगेटीचे जेवण किंवा चिलीची (मांस आणि राजम्याच्या तिखट रश्शाची) स्पर्धा असते. खाण्याबद्दल सावध राहा. चिलीत आणि स्पॅगेटीच्या रश्शात बहुधा गोमांस असते, मार्शमेलोत आणि कित्येक गोळ्यांत जिलेटिन असते, आणि विचारल्याशिवाय ते कोणी सांगणार नाही, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. मोकळेपणाने विचारा. आपला पदार्थ नेलात तर घटकांची चिठ्ठी लावा, आणि शेंगदाणे-काजू अजिबात नकोत. ॲलर्जीमुळे कित्येक वर्गांत त्यांना पूर्ण बंदी असते, त्यामुळे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी मुलांच्या डब्यातही देता येणार नाही.

दिवाळी याच धामधुमीत येते. शाळेला सुट्टी नसते, पण ऑगस्टमध्येच तारीख लिहून कळवली की रजा मिळवणे सोपे जाते. पुढे शिक्षिकेनेच विचारले तर वर्गात जाऊन पणत्या रंगवून घ्या. आम्ही ते दरवर्षी करतो आणि फादरसुद्धा एक पणती घेऊन जातात.

महिन्याच्या शेवटी हॅलोविन येतो. पार्किंगच्या जागेत पालक गाड्यांच्या डिक्क्या सजवतात आणि मुले एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे जात गोळ्या गोळा करतात. पण शाळेच्या दृष्टीने १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, अधिक मोठा. अनेक शाळांत ठरावीक इयत्तेची मुले एखाद्या संताचा वेष करून येतात आणि त्याच्याबद्दल चार वाक्ये सांगतात. माझ्या मुलाला कोणता संत घ्यावा हे कळेना, तेव्हा मी त्याला गोन्सालो गार्सिया यांचे नाव सांगितले. ते सोळाव्या शतकात वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन बंधू झाले, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाले. आम्ही जुन्या तपकिरी चादरीचा झगा शिवला. कमरेची पांढरी दोरी मी आधी नुसतीच बांधली होती. शेजारच्या बाईंनी ती सोडवून तिला तीन गाठी मारल्या आणि सांगितले की दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या त्या गाठी आहेत. शाळेतल्या कोणालाच वसई कुठे आहे ते माहीत नव्हते. मुलाने नकाशावर बोट ठेवून दाखवले.

दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, मृतांचे स्मरण असते, आणि महिनाभर चर्चमध्ये एक वही उघडी ठेवलेली असते, तिच्यात कोणीही आपल्या गेलेल्या माणसांची नावे लिहावीत. पितृपंधरवडा ज्याने घरात पाहिला आहे, त्याला ही वही परकी वाटत नाही. माझ्या मुलीने तिच्यात तिच्या आजोबांचे नाव देवनागरीत लिहिले. मी कार्यालयात विचारले की हे चालेल का, तर तिथल्या बाईंनी फक्त त्या नावाचा उच्चार कसा करायचा ते विचारून घेतले, कारण मिस्सेत ती नावे वाचली जाणार होती.

त्यानंतर थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे कृतज्ञतेच्या अमेरिकी सणापर्यंत, अन्नदानाची मोहीम चालते. मुले डबाबंद अन्नाचे डबे आणतात, आठवीची मुले ते मोजून खोक्यांत भरतात, आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक सेवाभावी संस्थेची माणसे ते गरजू घरांपर्यंत नेतात. तूरडाळ नेऊ नका, घेणाऱ्याला तिचे काय करायचे ते कळत नाही. राजमा, छोले, टोमॅटोचे डबे उत्तम. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. त्या दिवशी कोणी घरी जेवायला बोलावले तर संकोचाने नाही म्हणू नका.

सगळ्यात आधी करायचे काम म्हणजे प्रवासाची तारीख ठरली की शाळेच्या कार्यालयाला एक पत्र पाठवा. वर्षाचे वेळापत्रक, गणवेशाच्या देवघेवीचा दिवस, स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची माहिती, आणि पॅरिशचे सभासद नसलेल्यांसाठी फी वेगळी आहे का, एवढे विचारा. शक्य असेल तर मुलीच्या वर्गात घर जवळ असलेले एखादे कुटुंब आहे का तेही विचारा, म्हणजे पहिल्या दिवशी दारात तिला हाक मारणारे कोणीतरी असेल.