‘व्हॅम्पायर डिटेक्टिव्ह’ला मराठीत काय म्हणावे?

मालवणच्या एका वाचक भगिनी व्हॅम्पायर डिटेक्टिव्हच्या नव्या दूरचित्रवाणी मालिकेची आधीच्या तशाच मालिकांशी तुलना करणारा लेख लिहीत आहेत. नायकाला ‘वेताळ गुप्तहेर’ म्हणावे, ‘पिशाच्च’ म्हणावे की ‘रक्तपिपासू गुप्तहेर’, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते त्याला व्हॅम्पायरच म्हणावे, आणि ‘गुप्तहेर’ हा शब्दही सगळ्यांना सरसकट लावू नये.

‘वेताळ’ सुचण्याचे कारण जुने आहे. रिचर्ड बर्टन यांनी वेताळाच्या पंचवीस कथांतील निवडक कथा 1870 मध्ये इंग्रजीत आणल्या, तेव्हा शीर्षकात वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द घातला, आणि ती जोडी पुढे पक्की झाली. परंतु त्या कथांतला वेताळ प्रेताचा आश्रय घेऊन झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि प्रत्येक गोष्टीअखेर न्यायाचा पेच टाकतो. कोणाच्या मानेला दात लावणे हे त्याचे काम नव्हे. शिवाय हा लेख मालवणात वाचला जाणार आहे. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला देव वेतोबाचे मंदिर आहे. विठोबा, खंडोबा यांच्याप्रमाणे वेताळाच्या नावाला ‘बा’ लागून हे नाव झाले. नवस फेडायला आलेली माणसे तेथे केळ्यांचे घड ठेवतात आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, त्याही कोणा माणसाच्या पायाला बसणार नाहीत इतक्या मोठ्या. देव रात्री त्या पायांत घालून गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्यांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याला आपण राखणदार मानतो, त्याचे नाव रक्त पिणाऱ्या परदेशी पात्राला देणे मला स्वतःला सहन होत नाही. रात्री जागून लोकांचे रक्षण करण्यापुरते दोघांत साम्य आहे, हे खरे. ते लेखात अवश्य सांगावे, पण नाव उसने घेऊ नये.

‘पिशाच्च’ शब्दात अर्थापेक्षा व्याकरण अधिक आडवे येते. संस्कृतात ‘पिशाच’ पुल्लिंगी आहे, मराठीत ‘पिशाच्च’ नपुंसकलिंगी झाले. त्यामुळे ‘फॉरएव्हर नाइट’ या जुन्या मालिकेच्या नायकाबद्दल, म्हणजे निकबद्दल, लिहिताना एका वाक्यात ‘निक ठाण्यात आला’ आणि पुढच्या वाक्यात ‘ते पिशाच्च खुर्चीत बसले’ असे लिहावे लागते, आणि ‘बसले’ हे नपुंसकलिंग आहे की आदरार्थी बहुवचन, या संभ्रमात वाचक अडखळतो. अर्थही नीट जुळत नाही. पिशित म्हणजे मांस, ते खाणारा तो पिशाच, अशी पारंपरिक व्युत्पत्ती आहे. रक्ताचा तिच्यात उल्लेख नाही. मुंजा, समंध ही आपल्याकडची नावे तर माणूस आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर गेला, त्याचे काय राहून गेले, हे सांगणारी आहेत, तर व्हॅम्पायर दुसऱ्या व्हॅम्पायरकडून घडतो.

‘रक्तपिपासू’ हा शब्द मात्र मला फार मोलाचा वाटतो. ‘पिपासा’ हे ‘पा’ धातूचे इच्छार्थक रूप असल्याने पिपासू म्हणजे पिणारा नव्हे, तर पिण्याची इच्छा असलेला. या मालिकांचा सगळा जीव नेमका त्या इच्छेत आणि तिच्या निग्रहात आहे : 1992 मध्ये सुरू झालेल्या ‘फॉरएव्हर नाइट’मधला निक बाटलीतले गाईचे रक्त पितो, तर 1999 ते 2004 या काळातल्या ‘एंजल’चा नायक डुकराचे. दुर्दैवाने रोजच्या मराठीत हा शब्द हुकूमशहा आणि मारेकरी यांना चिकटला आहे, म्हणून नायकाच्या नावाला तो जोडू नये. लेखात एकदा व्युत्पत्तीसह वापरला, तर तुलनेचे सूत्रच हाती येईल.

आता ‘गुप्तहेर’. हेर म्हटले की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात, म्हणजे शत्रूच्या गोटातली बातमी काढणारा माणूस. गुन्ह्याचा छडा लावणाऱ्यालाही रहस्यकथांमुळे आपण गुप्तहेर म्हणू लागलो, पण तो सहसा खासगी असतो. निक टोरोंटोच्या पोलीस दलात खुनांचा तपास करतो. तो तपास अधिकारी आहे. एंजल लॉस एंजेलिसमध्ये स्वतःची तपाससंस्था चालवतो, आणि 2007 मध्ये आलेल्या, सोळाच भाग झालेल्या ‘मूनलाइट’मधला मिक सेंट जॉनही त्याच शहरात खासगी काम करतो, या दोघांना खासगी गुप्तहेर म्हणणे योग्य. त्याच वर्षीच्या ‘ब्लड टाइज’मध्ये तर दृष्टी अधू झाल्याने पोलिसांतली नोकरी सोडलेली व्हिकी नेल्सन ही गुप्तहेर आहे आणि व्हॅम्पायर हेन्री तिचा साथीदार, त्यामुळे तेथे ही दोन्ही पदे एकाला लागूच पडत नाहीत. नव्या मालिकेचा नायक पगारी आहे की खासगी, हे पाहूनच शब्द ठरवावा. ‘व्हॅम्पायर-गुप्तहेर’ असा समास केला, तर व्हॅम्पायरांचा माग काढणारा असाही विग्रह होतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘व्हॅम्पायर असलेला गुप्तहेर’ असे सुटे लिहावे.

‘फॉरएव्हर नाइट’मधल्या ‘नाइट’चा अर्थही तेथेच द्यावा. देवनागरीत तो रात्रीच्या ‘नाइट’सारखाच दिसतो, पण येथे तो मध्ययुगीन युरोपातला घोडेस्वार योद्धा आहे, निक 1228 मध्ये व्हॅम्पायर झाला, त्यापूर्वी तो धर्मयुद्धात लढलेला असाच एक नाइट होता, आणि पोलिसांत त्याने आडनावही तेच लावले आहे.