शांत म्हणजे नेमकं कोणतं शांत?

अरे, मराठीत एकच 'शांत' सगळीकडे चालतो, बाळ शांत, समुद्र शांत, गल्ली पण शांत, म्हणूनच इंग्रजीत कोणता शब्द घ्यायचा याचा घोळ होतो, मीही सुरुवातीला जिथे तिथे पीसफुल ठोकून द्यायचो. आधी बघ, आवाजाबद्दल बोलतोयस की मनाबद्दल. आवाज कमी असेल तर क्वाएट, अजिबातच नसेल तर सायलेंट, म्हणजे क्वाएट खोलीत पंख्याची घरघर चालते, सायलेंटमध्ये तीही नाही. माणूस क्वाएट म्हटला तर मितभाषी, पण सायलेंट राहिला म्हटलं की त्या वेळी तोंडच उघडलं नाही.

काम (calm) हा मनाचा आणि हवापाण्याचा शब्द, चिडला नाही घाबरला नाही तो काम, आणि वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्युफोर्ट स्केलवर शून्य आकडा म्हणजे पण कामच. (स्पेलिंगमध्ये एल आहे पण ब्रिटिश उच्चारात तो गिळतात.) आणि भडकलेल्या माणसाला काम डाउन म्हणायला जाऊ नकोस, अजून भडकतो, अनुभव आहे!

पीसफुल प्रोटेस्टमध्ये घोषणांनी कान फुटले तरी चालतं, हिंसा नाही एवढंच. स्टिल म्हणजे हालचाल नाही. सरीन (serene), ट्रँक्विल (tranquil) हे तळ्याकाठच्या वर्णनाला ठीक, ऑफिसच्या मेलमध्ये उगाच नको.

आणि स्पेलिंग सांभाळ, शेवट ईटी असेल तर क्वाएट, टीई झालं की क्वाइट, म्हणजे 'बऱ्यापैकी', आणि स्पेलचेक ही चूक बहुतेक वेळा पकडत नाही.