पोर्तोत खेळलेला सेरेनो भारतात का आला? त्याचं करिअर घसरलेलं म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय, की पोर्तुगीज फुटबॉलपटू हेन्रिक सेरेनो एके काळी पोर्तुगालच्या एफसी पोर्तो या बड्या क्लबात होता, मग जर्मनी, तुर्कस्तान करत कोलकाता आणि चेन्नईला कसा पोचला, आणि असं देशोदेशी फिरणाऱ्या पोर्तुगीज खेळाडूंचं करिअर घसरत गेलं असंच म्हणायचं ना?

मी तसं म्हणणार नाही. का, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हा विषय माझ्या जवळचा आहे.

मी मडगावचा. आमच्या घरापासून फातोर्ड्याचं स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. बाबा बोटीवर होते. आमच्याकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात. नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी, मग एजंटच्या फोनची वाट. घरात सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू म्हणजे बाबांची सीडीसी, खलाशाची पुस्तिका. तिच्यात प्रत्येक नोकरीची एक ओळ: बोट कुठली, कुठल्या बंदरात चढले, कुठे उतरले, आणि शेवटी कॅप्टनचा शिक्का. कामात कसा, वागण्यात कसा. 'व्हेरी गुड' असा शिक्का असला की पुढचा फोन येतो. बाबा कधी मोठ्या कंपनीच्या क्रूझवर होते, कधी जुनाट मालवाहू बोटीवर. आई कधीही 'मोठी बोट सुटली, आता छोटी मिळाली' असं म्हणाली नाही. तिचा प्रश्न एकच असायचा: बोलावणं आलं का?

सेरेनोच्या कारकिर्दीचा तक्ता मी पाहतो तेव्हा मला ती सीडीसीच आठवते.

आधी पोर्तुगालचं थोडं सांगतो, त्याशिवाय हे कळणार नाही. देश जेमतेम एक कोटी वस्तीचा. बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग हे तीन क्लब सोडले तर तिथली लीग आजवर फक्त दोघांनी जिंकलीय: 1946 मध्ये बेलेनेन्सेसने आणि 2001 मध्ये बोआविश्टाने. पैसा, प्रेक्षक, टीव्ही, सगळं या तिघांभोवती. उरलेल्या क्लबांत पगार थकणं ही नेहमीची गोष्ट. एप्रिल 2012 मध्ये उनियाओ दे लैरिया या पहिल्या डिव्हिजनच्या क्लबात पगाराची थकबाकी इतकी झाली, की बहुतेक खेळाडूंनी करार मोडले आणि फेरेन्सेविरुद्ध क्लबाला आठच खेळाडू उतरवता आले. आठ! गल्लीतल्या सामन्यालासुद्धा आपण अकरावा कुठून तरी धरून आणतो. ते आठ जण पूर्ण सामना खेळले आणि 4-0 हरले.

आता असा विचार करा. तुम्ही पंचविशीचे, चांगला बचावपटू आहात, पण त्या तीन क्लबांत तुमच्या जागेवर आधीच कोणीतरी ब्राझिलियन किंवा अर्जेंटिनियन आहे. घरी राहिलात तर पगाराचा भरवसा नाही. 1995 च्या बोस्मन निकालानंतर युरोपीय संघातल्या खेळाडूला करार संपला की कुठेही फुकट जाता येतं, आणि संघातल्या दुसऱ्या देशात तो परदेशी धरला जात नाही. 2004 मध्ये सायप्रस आणि 2007 मध्ये रोमानिया युरोपीय संघात आले, तसे पोर्तुगीज खेळाडूंना आणखी दोन दरवाजे उघडले. न्यूनो मोराइशचं उदाहरण घ्या. चेल्सीत संधी मिळेना म्हणून 2007 मध्ये तो सायप्रसच्या अपोएलला गेला, बारा वर्षं तिथेच राहिला, आणि 2012 मध्ये हाच अपोएल चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रेआल माद्रिदसमोर उभा होता. त्याला कोणी घसरलेला म्हणेल का?

आता सेरेनो. जन्म 18 मे 1985, एल्वास गावी. एल्वास स्पेनच्या अगदी सीमेला लागून, पलीकडे बदाहोस शहर. जुन्या काळी स्पेनचं सैन्य अडवायला बांधलेल्या तिथल्या किल्ल्यांना 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. बचावपटू अशा गावात जन्मावा हे मला फार शोभून दिसतं. पोर्तुगीजमध्ये सेरेनोचा अर्थ शांत.

गावातल्या क्लबातून तो उत्तरेला गिमारायशच्या विटोरियात आला. हा क्लब 2006 मध्ये तळाशी राहून खालच्या डिव्हिजनला गेला, 2007 मध्ये वर आला आणि 2008 मध्ये लीगमध्ये थेट तिसरा. तिथून लोनवर, म्हणजे ठरावीक काळ उसना, तो स्पेनच्या वायादोलिदला गेला आणि 2010 मध्ये वायादोलिद पहिल्या डिव्हिजनमधून खाली उतरला. तरीही त्याच उन्हाळ्यात पोर्तोने त्याला घेतलं.

2010-11 चा तो पोर्तो साधासुधा संघ नव्हता. आंद्रे व्हिलास-बोआस प्रशिक्षक, फाल्काओ आणि हल्क पुढे. लीगच्या तीस सामन्यांत 27 विजय, 3 बरोबरी, पराभव एकही नाही. वर पोर्तुगाल कप, आणि डब्लिनमध्ये ब्रागाला 1-0 हरवून युरोपा लीग. मधल्या बचावाला रोलांडो, ओटामेंडी, मायकॉन. या तिघांच्या मागे चौथा असणं म्हणजे काय, हे त्या ओळीतली नावं वाचूनच कळेल. सेरेनोला जमेल तेव्हा, जमेल त्या जागी खेळायला मिळालं. तुम्ही 'पोर्तोत टिकला नाही' म्हणता, मी म्हणेन की एल्वासचा मुलगा त्या संघाच्या खोलीत होता.

पुढच्या हंगामात लोनवर जर्मनीत, कोलोनला. तिथे गिमारायशच्या दिवसांतला सहकारी पेद्रो जेरोमेल आधीपासून होता. या लोकांचं असंच असतं. एका बंदरात भेटलेला माणूस तीन वर्षांनी दुसऱ्या बंदरात भेटतो. बाबांनाही कुठल्या कुठल्या बंदरात आमच्या गोव्याच्या चिंचिणीचा नाहीतर बाणावलीचा कोणीतरी भेटायचाच. कोलोनचा तो हंगाम फार वाईट गेला. शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर बायर्नकडून 4-1 हार, क्लब खाली, आणि चाहत्यांच्या स्टँडमधून काळ्या धुराचे लोट.

म्हणजे दोन वर्षांत दोन क्लब बुडाले. आपल्याकडे अशा माणसाला पांढऱ्या पायाचा म्हणायला लोक कमी करत नाहीत. पण 2012 मध्ये त्याला परत बोलावलं कोणी? वायादोलिदने! ज्या क्लबासोबत तो खाली गेला होता, तोच क्लब वर आल्यावर त्यालाच मागायला आला. 2012-13 मध्ये वायादोलिद पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकून राहिला. तुमच्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीने खरं उत्तर इथे आहे. संघ बुडतो तेव्हा प्रत्येकाचं खरं रूप आतल्या लोकांना दिसतं: कोण आजारपणाचं निमित्त काढतो, कोण हरलेल्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर सरावाला येतो. वायादोलिदच्या लोकांनी त्याला बुडताना पाहिलं होतं, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, पुन्हा बोलावलं. हा 'व्हेरी गुड'चा शिक्का.

मग तुर्कस्तान, कायसेरीस्पोर. 2014 मध्ये तोही क्लब खाली गेला. हे लपवण्यासारखं नाही. असे खेळाडू बहुतेक तळाच्या क्लबांकडेच जातात, कारण बचावपटूची तातडीची गरज त्यांनाच असते. गळकी बोट दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाला 'तू असताना बोट गळत होती' असं म्हणण्यात अर्थ नाही.

भारतात तो 2016 मध्ये आला, अ‍ॅटलेटिको दे कोलकाताकडे. तेव्हा इंडियन सुपर लीग जेमतेम अडीच महिन्यांची होती, ऑक्टोबर ते डिसेंबर. युरोपच्या हंगामाच्या मध्येच येणारा असा तुकडा, त्यामुळे येणारे बरेचसे परदेशी कारकिर्दीच्या संध्याकाळी आलेले. पोर्तुगीज तर पहिल्या वर्षापासून होते. आमच्या एफसी गोवातच 2014 मध्ये ब्रुनो पिन्हेइरो, एदगार मार्सेलिनो आणि मिगेल हेर्लाइन होते. नॉर्थईस्टकडे मिगेल गार्सिया होता, ज्याने 2005 मध्ये अल्कमारविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी हेडर मारून स्पोर्टिंगला युएफा कपच्या अंतिम फेरीत नेलं होतं. त्या एका हेडरवर लिस्बनमध्ये माणसाला आयुष्यभर कॉफी फुकट मिळायला हवी! एल्डर पोश्टिगाने 3 ऑक्टोबर 2015 ला चेन्नईत कोलकात्यासाठी पहिल्याच सामन्यात दोन गोल केले आणि त्याच सामन्यात दुखापत होऊन त्याचा सगळा हंगाम गेला. यूरो 2004 मध्ये इंग्लंडविरुद्ध गोलरक्षकाला फसवून अलगद पेनल्टी मारणारा तो हाच.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहायचे, 1961 च्या आधी पणजीच्या लिसेंव या पोर्तुगीज शाळेत शिकलेले. 2014 मध्ये मी त्यांना एकदा फातोर्ड्याला घेऊन गेलो. आम्ही खालच्या रांगेत बसलो होतो. आमचा एक पोर्तुगीज खेळाडू थ्रो-इन घ्यायला आमच्या समोर आला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि खणखणीत पोर्तुगीजमध्ये त्याला म्हणाले, "घाई करू नकोस बाळा, डोकं वर कर." त्याने बॉल हातात धरूनच मान वळवली, गर्दीत आवाज शोधला, आणि क्षणभर हसला. घरापासून हजारो मैलांवर, कानावर आपली भाषा. घरी परतताना ते वाटभर काही बोलले नाहीत.

सेरेनोकडे येतो. 18 डिसेंबर 2016, कोचीत अंतिम सामना. केरळ ब्लास्टर्सच्या मोहम्मद रफीने 37 व्या मिनिटाला गोल केला आणि पिवळं स्टेडियम उसळलं. 44 व्या मिनिटाला समीग डौटीच्या कॉर्नरवर सेरेनोने हेडर मारून बरोबरी केली. मध्यंतराला एक मिनिट उरलेलं, समोर घरचा संघ, कान बधिर करणारा आवाज, आणि तेव्हा तो गोल. सामना 1-1 राहिला, पेनल्टीवर कोलकाता 4-3 जिंकली. नंतरचे काही महिने तो स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आल्मेरियाकडे होता.

आणि मग पुन्हा बोलावणं. 2017-18 मध्ये लीग लांबली, आणि एका वेळी मैदानावर सहाऐवजी पाचच परदेशी खेळवायचा नियम आला. म्हणजे जागा कमी झाल्या, प्रत्येक परदेश्याकडे आधीपेक्षा बारकाईने पाहिलं जाऊ लागलं. त्याच वर्षी चेन्नईयिनने सेरेनोला घेतलं आणि कर्णधार केलं. उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर आमचा गोवा. आमच्या कोरोने त्या हंगामात 18 गोल केले होते, कोणालाच आवरत नव्हता. फातोर्ड्यात 1-1, आणि चेन्नईत आम्ही 3-0 हरलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मी तेव्हा नोकरीसाठी बंगळुरूत होतो. 17 मार्च 2018 च्या चेन्नईयिन विरुद्ध बंगळुरू एफसी अंतिम सामन्याला जायची इच्छा नव्हती, मित्राने ओढून नेलं. कांतीरवा स्टेडियमला मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब वाटतात. नवव्या मिनिटाला उदांताच्या पासवर बंगळुरूच्या छेत्रीने झेपावून हेडर मारला आणि सगळं निळं स्टेडियम उभं राहिलं. मी मात्र चेन्नईच्या बचावाकडे पाहत होतो. सेरेनोने ना हात झटकले, ना कोणावर ओरडला. दोन्ही तळवे जमिनीकडे करून हळू दाबल्यासारखे खालीवर केले, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. पातेल्यातलं दूध उतू जाताना गॅस बारीक करावा, तसं. आठ मिनिटांनी चेन्नईच्या माइल्सन आल्व्हेसने कॉर्नरवर हेडरने बरोबरी केली, मध्यंतराच्या तोंडावर आणखी एका कॉर्नरवर दुसरा गोल. 67 व्या मिनिटाला राफाएल आगुस्टोचा तिसरा. शेवटी बंगळुरूच्या मिकूने एक परत केला, पण वेळ संपली होती. 3-2.

दोन हंगाम, दोन वेगळे क्लब, दोन्ही वेळा विजेतेपद, आणि दुसऱ्या वेळी दंडावर कर्णधाराची पट्टी. तीही साखळीत पहिल्या आलेल्या संघाच्या घरात जाऊन.

बाहेर मेट्रोकडे चालताना मी बाबांना फोन केला. ते घरी टीव्हीवर बघत होते. आपल्या संघाला बाहेर काढणाऱ्या माणसाचं कौतुक करायला मला जड जात होतं, पण केलं: एल्वास, पोर्तो, कोलोन, कायसेरी, सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता पुढचं जॉइनिंग कुठं त्याचं?"